आत्याबाई, गोळी चालू आहे

प्रिय आत्याबाई,

'प्रिय' वाचून तुम्ही पदर तोंडाला लावून हसला असता. सून होऊन आल्यापासून तुमच्या हयातीत मी तुम्हाला आत्याबाई सोडून दुसरं काही म्हटलं नाही. तुम्ही मला कला म्हणायचात आणि चिडलात की 'शिरडची'. जसं काही माझ्या माहेरच्या, शिरड शहापूरच्या, सगळ्या पोरी माझ्यासारख्याच!

पत्राचं कारण सांगते. गेल्या आठवड्यात साखरा गावचे पाव्हणे आपल्या रेणुकाला लग्नासाठी बघून गेले आणि मी त्यांना सगळं सांगून टाकलं. माझा आजार, नांदेडचा दवाखाना, रोजची गोळी, सगळं. तेव्हापासून वन्सं माझ्याशी बोलत नाहीत. रेणुकाचे बाबा बोलतात, पण फक्त मेंढरांबद्दल. तुम्ही असता तर काय म्हणाला असता? शिव्या दिल्या असत्या, का 'बरं केलंस' म्हणाला असता? मला दोन्ही ऐकू येतं. (तसं ऐकू येत नाही हो, घाबरू नका. गोळी चालू आहे.)

तुम्हाला वाचता येत नव्हतं. पण ऐकायची तुम्हाला भारी हौस. म्हणून बोलल्यासारखंच लिहिते.

ते सुरू कसं झालं, आठवतं ना? तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात होतो, हिंगोली वेगळी झाली नव्हती. दिवाळी झाल्यावर मामंजी आणि हे मेंढरं घेऊन लांब गेले होते, लोकांच्या रानात खतासाठी बसवायला. घरात तुम्ही, मी, रांगणारी रेणुका आणि मागं ठेवलेल्या शेळ्या. मला झोप येईना, आणि झोपायची गरजही वाटेना. अंगात असं बळ आलं होतं की सगळं रान एकटीनं खुरपून काढीन. मन इतकं खूश की कधी नव्हतं. लोकांना वाटतं हा आजार म्हणजे दुःख. मला तर तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं की मी कुणीतरी आहे.

तुम्ही सकाळी शेळ्यांना पाला घेऊन आलात, तर चुलीपुढं भाकरींची चवड. टोपलं भरलं, परात भरली, सुपात भाकरी, घोंगडीवर भाकरी. पिठाचा डबा खडखडीत रिकामा.

"काय करून राहिलीस गं हे?"

"जेवण हाय."

"कोनाचं?"

"साऱ्या गावाचं. नागनाथानं सांगितलंय."

आधी तुम्ही हसलात. मग माझ्या तोंडाकडं पाहिलंत आणि तुमचं हसू गेलं. तुम्ही परात उचलली आणि भाकरी शेजारीपाजारी वाटल्या. कुणी विचारलं तर सांगितलंत, नवस होता.

दुसऱ्या दिवशी तुमची पाठ फिरल्यावर मी रेणुकाला कडेवर घेतलं आणि औंढ्याची वाट धरली. पायात चप्पल नाही, लेकराच्या डोक्यावर टोपडं नाही. ऊन चढलेलं. देवळाबाहेरच्या दुकानांपाशी मी हातातल्या बांगड्या काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला देत होते, रेणुकाचे वाळे काढून दिले. फुलं विकणाऱ्या एका बाईनं रेणुकाला माझ्याकडून काढून घेतलं, पाणी पाजलं आणि मला गोड बोलून गाव विचारून घेतलं. तिचं नाव मला अजून माहीत नाही. तिनं निरोप धाडला म्हणून तुम्ही आलात. आधी रेणुकाला छातीशी धरलंत. मग मला एक चापट दिलीत. मग माझ्या तळपायाचे फोड पाहिलेत आणि तिथंच, भर रस्त्यात, मटकन खाली बसलात.

मामंजी परत आले. चुलत मामंजींनी सांगितलं, बाहेरचं आहे. तुम्हालाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू? जाणत्याकडं नेलंत. त्यानं लिंबं कापली, मिरच्यांचा धूर केला. मी हसत होते, त्यानं तो आणखी चिडला. त्यानं वेताची छडी काढली. पहिला फटका पाठीवर बसला तेव्हा तुम्ही डोळे मिटून घेतलेत, ते मी पाहिलं. दुसऱ्या फटक्याला तुम्ही उठून ती छडी धरलीत.

"बास. मी मेंढरालाबी असं मारत न्हाई."

"मावशी, हे तिला न्हाई लागत, त्याला लागतंय."

"वळ तिच्या पाठीवर उठलाय."

एवढं बोलून मला घेऊन निघालात. मामंजी मागून ओरडत होते, तुम्ही वळून पाहिलं नाहीत.

उपकेंद्रातल्या सिस्टरनं नांदेडच्या डॉक्टरचा पत्ता दिला. म्हणाली, बाळंतपणानंतर काही बायांना असं होतं, याला दवा असते. तुम्ही तिला तीनतीनदा विचारलंत, "दवा? नक्की? येड्याला दवा असती?" ती म्हणाली, असते.

आता गोळ्यांचं. पहिल्या गोळ्यांनी मला शांत केलं, हे खरं. पण कसं शांत? जीभ जड झाली, तोंडातून लाळ गळायची, मान एका बाजूला ओढून यायची. बसले की बसलेली, झोपले की झोपलेली. भाकरी थापायला गेले तर हात लाकडाचे. माझं दूध बंद केलं, रेणुका शेळीच्या दुधावर वाढली, आणि ते दूध तुम्ही पाजलंत. रेणुकाचे बाबा तुम्हाला माय म्हणायचे, म्हणून तीही तुम्हाला माय म्हणायला लागली. मला ती कला म्हणायची, तुम्ही म्हणायचात तसं. सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण रडायलाही तोंड हलायला पाहिजे.

त्याच दिवसांत चुलत मामंजींनी विषय काढला की हिला माहेरी पाठवा आणि पोराचं दुसरं करा. माझे बाबा शिरडहून आले. ओसरीवर सगळे बसले. तुम्ही दारात उभ्या राहिलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललात:

"इवाई, तुमी पोरगी धडधाकट दिली व्हती. आजारी ती माझ्या घरात पडली. बरी बी माझ्याच घरात व्हईल."

हे वाक्य गावात लोक अजून सांगतात. तुमचं नाव झालं त्यानं, आणि व्हायलाच पाहिजे होतं. पण आत्याबाई, एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. त्या दिवशी मला बाबांबरोबर जायचं होतं. आईच्या शेजारी जाऊन निजायचं होतं, थोडे दिवस. मी आत भिंतीला टेकून बसले होते, सगळं ऐकत होते. आत येऊन मला कुणी विचारलं नाही. ठेवणाऱ्यांनीही नाही आणि घालवणाऱ्यांनीही नाही.

पुढं मी बरी झाले. गोळ्या कमी झाल्या, मान सरळ झाली, भाकरी गोल यायला लागली. तेव्हा तुम्हीच म्हणालात, "आता बरी हाइस ना? मंग काहून खायच्या?" आणि उरलेल्या गोळ्या उकिरड्यात फेकल्यात. मी काही तुमच्यावर सगळं ढकलत नाही, मलाही आनंद झाला. जीभ हलकी झाली होती. दळताना पुन्हा ओव्या आठवायला लागल्या होत्या. त्या गोळ्या परत खायच्या नाहीत, असं मीही मनात ठरवून टाकलं.

चांगलं गेलं काही दिवस. पाऊस-पाणी, खुरपणं, लोकर कातरणी. रेणुका पळायला लागली, घडाघडा बोलायला लागली. आपण दोघी हळदीच्या शिजवणीला लोकांच्या रानात जायचो, हात पिवळे करून यायचो. तुम्ही सगळ्यांना सांगायचात, "माझी सून बरी झाली."

मग दुसरं आलं. पहिल्यासारखं नाही, बरोब्बर उलटं. कापूस वेचणीच्या दिवसांत एक सकाळ उजाडली आणि मला उठवेना. हातपाय धड होते, ताप नव्हता, पण उठून करायचं काय ते कळेना. भिंतीकडं तोंड करून पडले. पोरगी जवळ आली तरी तिचं तोंड बघवेना, कारण वाटायचं हिला माझ्यासारखी आई मिळाली.

तुम्ही म्हणायचात, "उठ, हात चालव. हात चालला की मन चालतंय." तुमचं चालत असेल, आत्याबाई. माझं नाही चाललं. तुम्ही दृष्ट काढलीत, काळा दोरा बांधलात, मग भांडलात. "खायला मिळतंय, ल्यायला मिळतंय, नवरा मारत न्हाई. तुला दुःख कशाचं?" हा प्रश्न मी स्वतःला तुमच्यापेक्षा जास्त वेळा विचारत होते.

मग मी घागर नसताना विहिरीकडं जायला लागले. तुम्हाला ते कळलं. मला 'जाऊ नको' म्हणाला नाहीत. तुम्ही माझ्याबरोबर यायला लागलात. मी काठावर बसले की तुम्ही शेजारी बसायचात आणि सूत कातायचात. काही दिवसांनी तुम्ही स्वतःच म्हणालात, "चल, नांदेडला जाऊ. माझं चुकलं असंल." 'असंल' म्हणालात! पण तुमच्या तोंडून तेवढंही निघणं म्हणजे मोठी गोष्ट.

दवाखान्यात डॉक्टरनं आधी तुम्हाला रागावून घेतलं. गोळ्या अशा एकदम बंद करत नसतात म्हणाले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि मग विचारलंत, "मंग जनमभर?"

डॉक्टर म्हणाले, हा आजार कधी चढतो, कधी उतरतो. चढला की बाई औंढ्याला जाते, उतरला की विहिरीवर. गोळीनं तो मध्यावर राहतो. बऱ्याच लोकांना वर्षानुवर्षं घ्यावी लागते.

मी म्हणाले, "मी न्हाई घ्यायची."

दोघांनीही माझ्याकडं पाहिलं. मी त्या खोलीत पहिल्यांदाच काही बोलले होते. मी सांगितलं, लाळ गळते, मान वाकडी होते, लेकरू मला नावानं हाक मारतं. ते गोळीनं बरं होणं नव्हे, ते गोळीनं मरणं.

मला वाटलं डॉक्टर ओरडतील. त्यांनी लिहायचं थांबवलं. म्हणाले, "ही तकलीफ तुम्ही आधी का नाही सांगितली?" मी म्हणाले, "कुणी विचारलंच न्हाई." मग त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. तुमच्याकडं नव्हे, माझ्याकडं. सांगितलं की लाळेची गोळी वेगळी, ती आता देणार नाही. दुसरी एक गोळी आहे, मिठाच्या जातीची. तिनं मान वाकडी होत नाही. पण तिचाही त्रास असतो. हात थरथरतात, तहान लागते, अंग भरतं. मधून मधून रक्त तपासावं लागतं, कारण रक्तात जास्त झाली तर ती विष होते. पाणी भरपूर प्यायचं, मीठ तोडायचं नाही, उन्हात उपाशीतापाशी फिरायचं नाही. "आता तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

कुणी विचारलं की उत्तरही आपलं तयार लागतं, हे मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, विचार करते. डॉक्टरांनी तुम्हाला बजावलं की तोवर हिला एकटी सोडू नका आणि लवकर परत या.

एसटीत तुम्ही खिडकीकडं बसलात. वसमतपर्यंत बाहेरची रानं बघितलीत. मग म्हणालात, "घे गं बाई. पाया पडते."

"पाया नका पडू. मला ठरवू द्या."

"आन तू ठरवेपर्यंत इहिरीवर मी किती सूत कातू?"

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं! तुम्ही चिडलात, "हसायला काय झालं?" आणि मग तुम्हीही हसलात. समोरची बाई आपल्या दोघींकडं टकामका बघत होती.

ठरवलं कशावरून, ते तुम्हाला वाटतं तुमच्या बोलण्यावरून. नाही. नांदेडहून आल्यानंतर एका सकाळी मी ओसरीवर बसले होते. रेणुका दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला माझ्याकडं यायचं होतं, पण येत नव्हती. तिथूनच तिनं विचारलं, "कला, आज तू चांगली हाइस का?"

एवढंसं लेकरू, आणि आईजवळ जायच्या आधी चौकशी करतंय. बुजरी शेळी कशी आधी मान पुढं करून वास घेते, तशी.

मी म्हणाले, "ये. आज बरी हाय." ती आली, पण अर्धवट. मी तुम्हाला म्हणाले, चला, दवाखान्यात जाऊ, मी गोळी घेणार आहे. तुम्ही सूप खाली ठेवलंत आणि विचारलंही नाहीत की का. लगेच लुगडं बदलायला आत गेलात.

मिठाच्या गोळीला महिना-दोन महिने लागले. एक दिवस असा आला नाही की उठले आणि सगळं लख्ख. हळूहळू कळलं की सकाळी उठताना मी आता ठरवत नाही, नुसती उठते. भाकरी करायची म्हणून केली, पोरगी आली म्हणून जवळ घेतली. बस, एवढंच. आधीच्या त्या आनंदासारखं, भाकरींच्या चवडीसारखं, पुन्हा कधी वाटलं नाही. खरं सांगू? कधी कधी त्याची आठवण येते. तुम्हाला हे सांगितलं असतं तर घाबरला असता, म्हणून नाही सांगितलं.

हात थरथरायचे, अजून थरथरतात. शिलाई मशीन शिकले तेव्हा सुईत दोरा रेणुका ओवायची. अंग भरलं तेव्हा बाया म्हणायच्या, सासू तूप चारते. आणि हरितालिका आठवते का? मी पाणी प्याले म्हणून वन्सं केवढ्या बिघडल्या. निर्जळी उपास मोडला, नवऱ्याचं आयुष्य कमी होईल म्हणाल्या. तुम्ही मला तांब्या भरून आणून दिलात आणि लेकीला म्हणालात, "वच्छे, तिचा बी उपास मीच करून राहिले. महादेवाला सांगितलंय. तुला काय हिशोब मागायचा तो त्याला माग." तुम्ही त्या दिवशी थुंकीसुद्धा गिळली नाहीत.

पण तुम्ही काही देव नव्हतात, आणि पत्रात तुम्हाला देव करणार नाही. दुसऱ्या लेकराचा विषय निघाला तेव्हा तुम्ही काय केलंत? डॉक्टर म्हणाले होते, बाळंतपण करता येईल, पण गोळी बदलावी लागेल, आणि बाळंतपणानंतर आजार उलटायची भीती फार. रेणुकाचे बाबा आणि मी, आम्ही दोघांनी बसून ठरवलं की एक रेणुका पुरे. तुम्हाला नातू पाहिजे होता. तुम्ही पुढचा सगळा पावसाळा माझ्याशी बोलला नाहीत. जेवायला वाढायचात आणि ताट सरकवून द्यायचात. माझी गोळीची वेळ झाली की तांब्या मात्र जवळ आणून ठेवायचात. पुढं पुन्हा बोलायला लागलात, पण तो विषय मिटला असं कधी म्हणाला नाहीत. मिटला होता का, आत्याबाई? मला आजही माहीत नाही.

तुमचं जाणं एकदम झालं. शेंगा फोडत बसला होतात, बोलता बोलता एक बाजू गेली. थोडे दिवस अंथरुणावर. मी तुमचं सगळं केलं, ते काही उपकार नव्हेत. पण तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही.

बायांनी गळ्यात गळे घातले, वन्सं धाय मोकलून रडल्या. मी चूल बघत होते, आल्यागेल्याला चहा करत होते. तेरवीला वन्सं सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गोळ्यांनी काळीज सुन्न झालंय हिचं. आईपेक्षा जास्त केलं माझ्या मायनं, अन् डोळ्यात टिपूस न्हाई."

ते मला लागलं, कारण मलाही तीच शंका होती. गोळी हातात घेतली की वाटायचं, चार दिवस नको घ्यायला. आत काय आहे ते बघू तरी. नसेलच काही तर?

घेत राहिले. पण नांदेडला गेले, पहिल्यांदाच एकटी. एसटीत शेजारची जागा रिकामी होती, तिथं एक म्हातारा येऊन बसला आणि वसमतपर्यंत तंबाखू मळत होता. मी डॉक्टरना सरळ विचारलं, "ह्या गोळीनं माझं रडणं गेलं का?" ते म्हणाले, कुणाकुणाला मन थोडं बोथट वाटतं, तसं असू शकेल. नसूही शकेल. माणसं दुःखात सगळी सारखी रडत नाहीत. घरात मयत झाल्यावर झोप तुटते, अशा वेळी गोळी हलवणं धोक्याचं. काही महिने जाऊ द्या, रक्त तपासू, मग थोडी कमी करून बघता येईल.

म्हणजे उत्तर मिळालं नाही. पण मी विचारलं आणि त्यांनी नीट सांगितलं, यानं डोक्यावरचं ओझं उतरलं. अजून रडले नाही. शेळ्या मात्र मी तुमच्या आवाजात हाकारते, हे मला रेणुकानं सांगितलं. तेच माझं रडणं असेल तर असू द्या.

आता पाव्हण्यांचं. रेणुका बारावी झाली. तिला पुढं शिकायचं आहे, पण स्थळ चांगलं, म्हणून बघायला काय हरकत, असं वन्संनी ठरवलं. आदल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "वहिनी, तेवढे दोन-चार दिवस गोळी बंद ठेव. हात थरथरले तर कप वाजतो. आन डबी आत कुठंतरी ठेव."

मी डबी होती तिथंच ठेवली, गोळीही घेतली.

पाव्हणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, मामा. मी चहा दिला. कप वाजला. मुलाची आई चांगली बाई होती, काळजीनं विचारलं, "हाताला काय झालं हो?"

वन्सं पटकन म्हणाल्या, "अशक्तपना हाय तिला."

मी म्हणाले, "अशक्तपणा न्हाई. मला मनाचा आजार हाय. लई वर्साचा. गोळी घेते, तिनं हात थरथरतात."

मामांनी कप खाली ठेवला. मुलाच्या आईनं मात्र विचारलं, "आता येतं का काही?"

"न्हाई. गोळी चालू केल्यापासून न्हाई आलं."

"अन् पोरीला?"

"आज काही न्हाई. पुढं व्हईल का, ते डॉक्टरलाबी सांगता येत न्हाई. रक्ताच्या नात्यात व्हण्याची भीती असती."

त्या बाईनं पोहे संपवले. जाताना रेणुकाच्या डोक्यावरून हात फिरवला. पण निरोप जो यायचा तोच आला, पोराचं इतक्यात करायचं नाही म्हणून. त्यांना मी दोष देत नाही.

वन्सं ओरडल्या, पोरीचं वाटोळं केलंस म्हणाल्या. रेणुकाचे बाबा मेंढरं घेऊन निघून गेले. संध्याकाळच्या आत रेणुका माझ्याजवळ आली. पाव्हण्यांसमोर नेसलेल्या साडीची ती घडी घालत होती. मला वाटलं आता हीही रागावणार.

तिनं विचारलं, "आई, मला व्हईल का?"

ती मला आई कधीपासून म्हणायला लागली, ते माझ्या लक्षात नाही. कधीतरी शाळेत जायला लागल्यावर. तेव्हा कुणी तसं शिकवलं नव्हतं.

मी म्हणाले, "माहीत न्हाई."

"झालं तर?"

"तर दवाखान्यात जाऊ."

"गोळ्या देशील मला?"

"आधी तुला विचारीन."

तिनं साडीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. घडी जुळवली. मग म्हणाली, "आन विचारण्यासारखी नसले तर? तुझं झालं होतं तसं?"

मी म्हणाले, "तवाचं तू आताच सांगून ठेव."

तिनं आणखी एक घडी घातली. मग म्हणाली, "तवा तू ठरव. माझी हरकत न्हाई. पण बरी झाले की मला सगळं सांग, माझं काय काय झालं आन तुमी काय काय केलं ते. काही लपवायचं न्हाई." मी तिला शब्द दिला.

आत्याबाई, आपण दोघींनी हे असं कधीतरी बोलायला पाहिजे होतं. तुम्ही मला वाचवलंत, पण औंढ्याहून आणल्यानंतरचे कितीतरी दिवस माझ्या आठवणीत नाहीतच. ते तुमच्याजवळ होते आणि तुम्ही ते घेऊन गेलात. 'कशाला उगाच जुनं काढायचं' म्हणायचात. मला ते जुनं पाहिजे होतं. माझंच होतं ना ते?

असो. रेणुकाला शिकायला पाठवायचं ठरवलंय. रेणुकाचे बाबा अजून 'हो' म्हणाले नाहीत, पण 'नाही'ही म्हणाले नाहीत.

आता जो शब्द तिला दिला तोच तुम्हाला देते. ती आजारी पडणार नाही, हे माझ्या हातात नाही. पडली तर तिला आधी विचारीन. ती सांगण्यासारखी नसली तर नांदेडला नेईन, तिच्या वतीनं ठरवीन, आणि ज्या दिवशी ती भानावर येईल त्या दिवशी तिच्यासमोर बसून सगळं सांगेन, पहिल्यापासून. ती रागावली तर रागावू देईन.

तुमची सून,
कला